नागपूरची दहावी, ऑन्टारिओचं कॉलेज: घरासोबत कॅनडाला निघालेल्या मुलांची तयारी

माझी धाकटी बहीण मानेवाड्याला राहायची. काही वर्षांपूर्वी एप्रिलात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "ताई, पीआरचे कागद आले! ऑगस्टमध्ये निघून राहिलो आम्ही." पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी. मला आनंद झालाच. मग विचारलं, "आणि पोरीचं काय ठरवलं?" भाचीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. "तिचं काय ठरवायचं? तिथं शाळेला फी नाही म्हणतात," बहीण म्हणाली.

त्यानंतरचे चार महिने माझ्या त्रिमूर्तीनगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर जे काम चाललं, ते इथे लिहिते आहे. मी बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं. भाचीनंतर ओळखीतली आणखी काही घरं येऊन बसली, त्यामुळे त्याच त्या चुका कुठे होतात ते कळत गेलं. सगळ्यात मोठी चूक ही की व्हिसा, नोकरी, घर यांचं वेळापत्रक काटेकोर मांडलं जातं आणि मुलाचं कॉलेज 'तिथं गेल्यावर बघू' यात जातं. तिथं गेल्यावर बघायला सवड मिळत नाही. शाळा सुरू होण्याच्या सुमारास तिथल्या शाळेच्या गायडन्स ऑफिसात, म्हणजे मार्गदर्शन कक्षात, जेमतेम अर्ध्या तासाची एक भेट होते. त्या भेटीत मुलाला विषय मिळतात, आणि दोन वर्षांनी कोणत्या विद्यापीठात अर्ज करता येईल हे त्या विषयांवर ठरतं. नागपुरातली सगळी तयारी मी त्या अर्ध्या तासासाठी करायला सांगते.

पुढचं सगळं ऑन्टारिओ प्रांताबद्दल आहे. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, वॉटर्लू, ओटावा ही गावं त्यातच येतात. कॅनडात शिक्षण प्रांतांच्या हातात आहे. क्वेबेकमध्ये तर शाळा अकरावीला संपते आणि विद्यापीठाआधी सेजेप नावाची पायरी लागते. दुसऱ्या प्रांतात जाणार असाल तर तयारीचा क्रम हाच ठेवा, नियम मात्र तिथले काढा.

आधी 'कॉलेज' या शब्दाचं बघू

आपण व्हीएनआयटीलाही कॉलेज म्हणतो आणि गल्लीतल्या कनिष्ठ महाविद्यालयालाही. तिकडे बारावीपर्यंत शाळाच असते. पदवी मिळते ती युनिव्हर्सिटीत. कॉलेज म्हणजे मुख्यतः डिप्लोमा, हाताचं कौशल्य, थेट नोकरीकडे नेणारे अभ्यासक्रम. काही कॉलेजांत पदव्याही मिळतात, पण त्यांचा मुख्य बाज वेगळा. ही फरकाची गोष्ट मुलाला पहिल्या दिवशीच सांगा. 'मला कॉलेजला जायचंय' असं त्याने गायडन्स ऑफिसात म्हटलं, तर समोरची व्यक्ती त्याला कॉलेजच्या वाटेचे विषय देईल, आणि तिचं काहीच चुकलेलं नसेल. 'मला युनिव्हर्सिटीत जायचंय, इंजिनिअरिंगला' हे वाक्य पाठ असलं पाहिजे.

ज्यांच्या घरात मेडिकलचं स्वप्न आहे त्यांनी इथे थांबून नीट विचार करावा. कॅनडात बारावीनंतर थेट एमबीबीएससारखा प्रवेश नसतो. आधी विद्यापीठात काही वर्षं, बहुतेक वेळा पूर्ण पदवी, नंतर बऱ्याच ठिकाणी एमकॅट ही परीक्षा, आणि मग मेडिकल स्कूलचा अर्ज. वकिलीचंही तसंच, पदवीनंतर. नीटची दोन वर्षं क्लासला घातलेल्या मुलाला हे विमानात बसायच्या आधी कळलं पाहिजे. त्याला इथेच, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकायचं असेल, तर आजोळी राहून बारावी करणं हाही एक सरळ पर्याय आहे. तो त्याच्याशी बोलून ठरवा, त्याच्या पाठीमागे नाही.

कोणत्या वर्षी न्यायचं

आठवी-नववीनंतर नेलं तर सगळ्यात सोपं. मूल तिथल्या नववी-दहावीत बसतं आणि सगळ्यांसोबत वाढतं.

दहावीनंतर नेणंही चांगलं. आपली फेब्रुवारी-मार्चमधली परीक्षा, मे-जूनमधला निकाल आणि तिकडचा सप्टेंबर यांची सांगड छान बसते. अकरावी-बारावीची पूर्ण दोन वर्षं मिळतात. भाचीचं हेच झालं.

अकरावीनंतर नेणं सगळ्यात अवघड. हातात एकच वर्ष, बारावीच्या विषयांसाठी आधी लागणारे अकरावीचे विषय झालेले आहेत हे सिद्ध करायचं, आणि जानेवारीत अर्ज. त्यात मूल क्लासच्या 'टाय-अप' कॉलेजात नावापुरतं असेल तर अकरावीचं व्यवस्थित गुणपत्रक मिळतानाही मारामार होते. तुमच्या मुलाची अकरावी चालू असेल तर मी सांगेन, बारावी इथे पूर्ण करूनच न्या. बारावीच्या गुणांवर कॅनडाची विद्यापीठं प्रवेश देतात, आणि पीआर असलेल्या मुलाला फी तिथल्या रहिवाशांचीच लागते. पीआरच्या कागदावरची मुदत संपत असेल तर सगळ्यांनी एकदा जाऊन लँडिंग, म्हणजे पीआर म्हणून पहिला प्रवेश, करून यायचं, एका पालकाने मुलासोबत परत येऊन बारावी संपवायची, असं बरीच घरं करतात. पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहावं लागतं, त्यामुळे एका वर्षाचा हिशेब बसतो.

थोरलं भावंड पदवीला असेल तर त्याचं वय आधी बघा. अवलंबित मूल म्हणून अर्जात बसायला वय 22 च्या आत आणि लग्न न झालेलं असावं लागतं.

एका सल्लागाराने बहिणीला सांगितलं होतं की स्टेट बोर्ड तिकडे चालत नाही, वर्षभर थांबून सीबीएसईत घाला. त्यावर तिची एक अख्खी रात्र झोपेविना गेली. तिथली शाळा मुलाची किती वर्षं पूर्ण झाली आणि कोणते विषय किती झाले ते बघते. एका वर्षासाठी बोर्ड बदलू नका.

मुलाशी बोलणं

हे तिसऱ्या क्रमांकावर लिहिते आहे, पण करायचं पहिल्या दिवशी. सोळा वर्षांच्या मुलाचं अख्खं जग नागपुरात असतं: शाळेचे मित्र, क्लासहून परतताना खाल्लेले तर्रीपोहे, आजीचं घर. मी भाचीला एका संध्याकाळी फुटाळा तलावावर घेऊन गेले. बराच वेळ ती गप्पच होती. मग म्हणाली, "मावशी, मला तिथं परत दहावी करायला लावतील का? माझं इंग्रजी ऐकून हसतील का?" तिला थंडीची नव्हती भीती, एकटेपणाचीही नव्हती. मागे ढकललं जाण्याची होती. तोपर्यंत घरात कुणी तिला काही विचारलंच नव्हतं, सगळे जॅकेटांच्या किमती बघत होते.

त्या दिवसापासून मी फाइल तिच्या हातात दिली. कोणता कागद आला, कोणता राहिला, हे तिने वहीत लिहायचं. शाळेत बाबूंकडे अर्ज घेऊन तिनेच जायचं. याचा उपयोग पुढे झाला, कारण तिकडे मुलाने स्वतः बोलावं अशी अपेक्षा असते. अठरा पूर्ण झाले की मुलाच्या परवानगीशिवाय त्याचे गुणही आईवडिलांना सांगत नाहीत. गायडन्सच्या भेटीत बाबांनी बोलायचं आणि मुलाने मान हलवायची, हे तिथे विचित्र दिसतं.

कागद: एप्रिलातच सुरुवात करा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मे महिन्यात शाळेत गेलात तर शिपाई सोडून कुणी भेटेलच असं नाही. म्हणून नववीपर्यंतचे कागद एप्रिलमध्ये, दहावीचे निकालानंतर लगेच.

आठवी, नववी आणि दहावीची गुणपत्रकं मूळ, शिवाय शाळेच्या शिक्क्याच्या आणि मुख्याध्यापकांच्या सहीच्या प्रतींचे तीन संच घ्या. एक संच शाळेच्या लिफाफ्यात बंद करून, लिफाफ्याच्या पट्टीवर शिक्का मारून मागा. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. बोर्डाची गुणपत्रिका डिजिलॉकरवरही उतरवून ठेवा.

शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र हवं: या विद्यार्थ्याने अमुक इयत्तेपासून अमुक विषय इंग्रजी माध्यमातून शिकले. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी हे पत्र सोन्यासारखं आहे. शाळेचं माध्यम मराठी दिसतं, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून झालेलं असतं, आणि ते सांगणारा दुसरा कागद नसतो.

शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात शेवटी काढा. तो काढला की नाव पटावरून गेलं. व्हिशात काही अडलं तर पंचाईत होते. पण काढल्याशिवाय जाऊ नका, परत यायची वेळ आली तर तोच लागतो.

नावाचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही. तिकडची शाळा पासपोर्ट आणि पीआरच्या कागदाप्रमाणे नाव लावते, आणि मग गुणपत्रिका दुसऱ्याच मुलीची वाटते. फरक फक्त क्रमाचा असेल तर चालून जातं. अक्षरांचा असेल, म्हणजे एकीकडे शेवटी 'ए' आणि एकीकडे नाही, तर शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या.

लसींचं राहतं. ऑन्टारिओत शाळेसाठी घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, डांग्या खोकला, गोवर, गालगुंड, रुबेला आणि मेनिंगोकोकल लसींची नोंद लागते. 2010 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. लहानपणीचं पिवळं पडलेलं कार्ड घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तारखांसह सगळं त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या. राहिलेल्या लसी इथेच द्या. चष्मा आणि दातांची कामंही इथेच उरकून घ्या, तिकडे ती महाग पडतात.

निळी फाइल

आता ज्या गोष्टीने भाचीचं वर्ष वाचलं ती सांगते.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'मॅथेमॅटिक्स' एवढाच शब्द आणि शंभरपैकी गुण असतात. त्या विषयात काय शिकवलं हे परदेशातल्या माणसाला त्यावरून कसं कळणार? म्हणून आम्ही एक निळी फाइल केली. बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाची पुस्तकं फुकट मिळतात. तिथून नववी-दहावीच्या गणित भाग 1, भाग 2 आणि विज्ञानाच्या पुस्तकांची मुखपृष्ठं आणि अनुक्रमणिका छापल्या. प्रत्येक धड्यासमोर तिने पेन्सिलीने तिथल्या अभ्यासक्रमातलं जुळणारं प्रकरण लिहिलं. ऑन्टारिओचा अभ्यासक्रमही सरकारी संकेतस्थळावर खुला आहे. सोबत तिच्या वहीतली सोडवलेली तीन-चार लांब गणितं आणि विज्ञानाच्या प्रयोगवहीची काही पानं. सगळी मिळून वीसेक पानं झाली असतील. बहिणीला तेव्हा हा उद्योग जरा जास्तच वाटला होता.

विषय आणि त्यांचे कोड

तिथली बारावी म्हणजे ओएसएसडी हा शाळा पूर्ण केल्याचा डिप्लोमा. त्याला 30 क्रेडिट लागतात, एक क्रेडिट म्हणजे 110 तासांचा एक विषय. वर्षात साधारण 8 होतात. बाहेरून आलेल्या मुलाला आधीच्या वर्षांची किती क्रेडिट द्यायची हे मुख्याध्यापक कागद बघून ठरवतात. समाजसेवेचे 40 तासही असतात. मूल उशिरा आलेलं असेल तर त्याला किती तास लागू होतील, तेही मुख्याध्यापकच सांगतात. गणेशोत्सवात मराठी मंडळात पोरं मदत करतातच. ते तास धरले जातील का हे आधी शाळेत विचारून घ्या.

प्रत्येक विषयाला एक कोड असतो, उदाहरणार्थ एमसीआर3यू. त्यातला आकडा म्हणजे इयत्ता: 3 म्हणजे अकरावी, 4 म्हणजे बारावी. आकड्यानंतरचं अक्षर म्हणजे वाट: यू युनिव्हर्सिटीची, सी कॉलेजची, एम दोन्हींची. विद्यापीठं बारावीच्या यू आणि एम प्रकारचे सहा उत्तम विषय धरून सरासरी काढतात, आणि त्यात ईएनजी4यू, म्हणजे बारावीचं इंग्रजी, असावंच लागतं.

इंजिनिअरिंगसाठी सर्वसाधारणपणे हे पाच लागतात: इंग्रजी ईएनजी4यू, अ‍ॅडव्हान्स्ड फंक्शन्स एमएचएफ4यू, कॅल्क्युलस आणि व्हेक्टर्स एमसीव्ही4यू, भौतिकशास्त्र एसपीएच4यू, रसायनशास्त्र एससीएच4यू. आता मागे मोजत या. भौतिक-रसायनासाठी अकरावीचे यू प्रकारचे तेच विषय आधी झालेले हवेत. एमएचएफ4यू साठी अकरावीचं गणित, एमसीआर3यू, हवं. अकरावीत गणिताचा आणखी एक विषय आहे, एमसीएफ3एम. नाव जवळपास तसंच, पुस्तकही लांबून तसंच दिसतं. पण त्यावरून एमएचएफ4यू ला थेट जाता येत नाही, आणि एमएचएफ4यू नाही म्हणजे कॅल्क्युलस नाही, म्हणजे इंजिनिअरिंग नाही.

भाचीला नेमका तोच विषय मिळाला. शाळामंडळाच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, केंद्रात इंग्रजी आणि गणिताची छोटी चाचणी झाली होती. गणितात शाब्दिक उदाहरणांच्या इंग्रजीत ती अडखळली, आणि शाळेने 'जरा सोपं' म्हणून एमसीएफ3एम दिला. वाईट हेतू कुणाचा नव्हता. तिने रात्री वेळापत्रकाचा फोटो मला पाठवला. मी कोड बघितला आणि लगेच फोन केला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः निळी फाइल घेऊन गेली. बीजगणितात वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी झालेली आहे, भूमितीत त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती झालेली आहे, हे पान उघडून दाखवलं. आपल्या दहावीच्या गणिताचे दोन्ही भाग मिळून तिथल्या दहावीच्या एमपीएम2डी शी बरेचसे जुळतात, आणि एमसीआर3यू ला तेच आधी लागतं. गायडन्स कौन्सेलरने गणिताच्या शिक्षिकेला बोलावलं. त्यांनी वहीतली सोडवलेली गणितं चाळली, दोन प्रश्न तोंडी विचारले, आणि विषय बदलून दिला.

हे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झालं म्हणून झालं. वर्ग भरले की बदल मिळत नाही. म्हणून वेळापत्रक हातात आल्याच्या रात्रीच प्रत्येक कोड तपासा. नर्सिंग, कॉमर्स, कॉम्प्युटर सायन्स यांचे विषय वेगळे आहेत. आवडत्या तीन-चार अभ्यासक्रमांची पानं विद्यापीठांच्या संकेतस्थळावरून नागपुरातच छापून घ्या आणि असंच मागे मोजत या.

इंग्रजी चाचणीत कमी पडल्यास ईएसएलचे, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणारे, विषय देतात. त्याने नाराज होऊ नका. इंग्रजीच्या चार सक्तीच्या क्रेडिटांपैकी तीनपर्यंत ईएसएलची चालतात. फक्त ईएनजी4यू पर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतील आणि त्या दोन वर्षांत बसतात का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

जूनपासून ऑगस्टपर्यंतचा अभ्यास

शिक्षिका म्हणून मला या भागाची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपली मुलं कमी पडत नाहीत, पण त्यांची घडण वेगळी असते. इथे वर्षभर निवांत आणि फेब्रुवारीत रात्री जागरण. तिथे विषयाच्या गुणांपैकी 70 टक्के वर्गातल्या चाचण्या, प्रकल्प, सादरीकरण यांचे आणि 30 टक्के अखेरच्या मूल्यमापनाचे. बहुतेक शाळांत सहामाही पद्धत असते, सप्टेंबर ते जानेवारी चार विषय आणि फेब्रुवारी ते जून चार. म्हणजे एक विषय पाच महिन्यांत संपतो. पहिला महिना जुळवून घेण्यात गेला तर विषयाचा पाचवा भाग गेला.

गणितात 'फंक्शन' ही कल्पना आपल्याकडे नीट येते ती अकरावीत, आणि तिथे अकरावीची सुरुवातच तिने होते. म्हणून आपल्या अकरावीच्या पुस्तकातलं फंक्शन्सचं प्रकरण आणि त्रिकोणमितीची सुरुवात सुट्टीतच करून घ्या. शिवाय कॅल्क्युलेटर. आपल्या बोर्डात तो चालत नाही, तिथे सायंटिफिक कॅल्क्युलेटर हाताशी असणारच असं धरून प्रश्न काढतात. डेस्मॉस हे फुकट साधन फोनवर घ्या आणि आलेख काढून बघण्याची सवय लावा. y = x² चा आलेख दोन घरं उजवीकडे सरकवायचा तर समीकरणात काय बदलेल? हे भाचीला सूत्रात सांगता येत नव्हतं. बोटाने आलेख सरकवून बघितल्यावर पाच मिनिटांत कळलं.

इंग्रजीत व्याकरण नको, स्वतःचं मत मांडायला शिकवा. गाईडमधलं उत्तर पाठ करून उतरवणं आपल्याकडे चालतं. तिथे दुसऱ्याचं वाक्य श्रेय न देता वापरणं ही गंभीर चूक धरतात, शून्य गुण मिळू शकतात. आम्ही एक साधा नेम केला. रोज हितवाद या इंग्रजी दैनिकाचं एक संपादकीय वाचायचं, पेपर मिटायचा, आणि त्याच विषयावर दीडशे शब्दांत आपलं मत लिहायचं. एक मत, दोन कारणं, विरुद्ध बाजूचा एक मुद्दा आणि त्याला उत्तर. पहिल्या आठवड्यात ती संपादकीयातलीच वाक्यं पुन्हा लिहायची. जुलैत एकदा अंबाझरी तलावाबद्दल तिने स्वतःच्या मनाने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

शास्त्राचे शब्द सेमी-इंग्रजीच्या मुलांना येतात, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचे येत नाहीत. तेवढ्यासाठी त्याच विषयांची बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं एकदा वाचून काढायची.

एक गोष्ट शाळेत कुणी शिकवत नाही, ती म्हणजे मदत मागणं. आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारणारं मूल आगाऊ ठरतं. तिथले बरेच शिक्षक जेवणाच्या सुट्टीत 'एक्स्ट्रा हेल्प'साठी बसतात, आणि जो येतो त्याला शिकवतात. ते वाक्य इंग्रजीत मोठ्याने म्हणून घ्या: मला हे उदाहरण इथपर्यंत कळलं, इथून पुढे कळलं नाही. भाचीने हे माझ्या आणि आपल्या आजीसमोर दहा वेळा म्हटलं असेल.

पैशाचं थोडक्यात

पीआर असेल तर विद्यापीठाची फी परदेशी विद्यार्थ्यांच्या फीपेक्षा कितीतरी कमी, आणि ओसॅप या सरकारी कर्ज-अनुदान योजनेत अर्ज करता येतो. वर्क परमिटवर जात असाल तर ओसॅप नाही, आणि फी कोणत्या दराने लागेल हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. आरईएसपी या शिक्षण-बचत खात्याबद्दल तिथे गेल्यागेल्या सांगितलं जाईल. त्यात सरकार वर्षाला 500 डॉलरपर्यंत 20 टक्के अनुदान घालतं. पण 16 आणि 17 वर्षांच्या मुलाला ते मिळायला तो 15 वर्षांचा होता त्या वर्षाअखेरपर्यंत ठरावीक रक्कम आधीच भरलेली असावी लागते. सोळा वर्षांचं मूल घेऊन गेलेल्यांना म्हणून ते सहसा मिळत नाही. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी मात्र लगेच उघडा. अनेक विद्यापीठं चांगल्या सरासरीवर प्रवेशाच्या वेळीच शिष्यवृत्ती देतात, बऱ्याच वेळा वेगळा अर्जही लागत नाही.

पोचल्यावरचे पहिले दिवस

शक्यतो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचा. शाळा पत्त्यावरून मिळते, म्हणून घर भाड्याने घेण्याआधी त्या पत्त्याला कोणती शाळा लागते हे शाळामंडळाच्या संकेतस्थळावर बघा. माझे मेव्हणे ऑफिसजवळचं घर बघून राहिले होते. शाळा बघितल्यावर त्यांनी दोन बसथांबे लांबचं घेतलं. भाडेकरार, पासपोर्ट, पीआरचे कागद, लसींचं पत्र आणि गुणपत्रकं घेऊन नावनोंदणी होते. उन्हाळ्यात शाळांची ऑफिसं बंद असतात, गायडन्सची माणसं ऑगस्टच्या शेवटी परततात. आल्याबरोबर भेटीची वेळ मागा, शाळा सुरू होईपर्यंत थांबू नका.

चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला पूर्ण झोपू द्या. भारतातून गेल्यावर आठ-दहा दिवस झोपेचं चक्र उलटं असतं, दुपारी दोनला डोळे मिटतात. तिसऱ्याच दिवशी चाचणी देऊन खालच्या विषयात गेलेला एक मुलगा मला माहीत आहे. तारीख पुढची मागितली तर देतात.

गायडन्सच्या भेटीत मुलाने विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या. मला किती क्रेडिट मिळाली, किती राहिली? यातले कोणते सक्तीचे? मला अमुक अभ्यासक्रमाला जायचंय, तर बारावीपर्यंत कोणते कोड लागतील? समर स्कूलमध्ये एखादा विषय घेता येईल का? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्यायची.

एक वर्ष जास्त लागलं तर

ही गोष्ट नागपुरातल्या आईवडिलांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आपल्याकडे 'वर्ष वाया गेलं' हे शब्द घरात उच्चारले की मातम होतं. ऑन्टारिओत मूल बारावीनंतरही एखादं सत्र किंवा वर्ष शाळेत राहून राहिलेले विषय घेऊ शकतं. सरकारी खर्चाची मर्यादा 34 क्रेडिटांची आहे, म्हणजे लागणाऱ्या तिसाहून चार जास्त. सतरा वर्षांच्या आणि अठरा वर्षांच्या मुलात तिथे कुणी फरक करत नाही. अकरावीनंतर गेलेल्या मुलाने घाईने सगळे कठीण विषय एका वर्षात कोंबून 72 टक्के आणण्यापेक्षा दीड वर्षात 88 आणावेत, असं मी प्रत्येकाला सांगते. नातेवाईकांना काय सांगायचं ते आईवडिलांनी बघावं, मुलावर टाकू नये.

अर्ज

विद्यापीठांचे अर्ज ओयूएसी या एकाच केंद्रातून भरतात. शाळेत शिकणाऱ्यांसाठी महत्त्वाची मुदत जानेवारीच्या मध्यात येते, कॉलेजांच्या अर्जांची 1 फेब्रुवारीला. नव्याने आलेल्या आणि पूर्वी मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांकडे काही विद्यापीठं आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मागतात, म्हणून बारावीच्या सप्टेंबरमध्येच प्रत्येक विद्यापीठाचा नियम बघा. माध्यमाचं ते पत्र इथे पुन्हा कामी येतं. दहावीची मूळ गुणपत्रिकाही मागितली जाऊ शकते. वॉटर्लू विद्यापीठासारख्या ठिकाणी गुणांशिवाय एक माहितीपत्रक भरावं लागतं. तिथे मुलाने घराचं स्थलांतर, धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, दुकानातली संध्याकाळची नोकरी हे सगळं लिहावं. आपली मुलं 'हे काय सांगायचं' म्हणून गाळतात.

प्रवेशाची पत्रं वसंतात येऊ लागतात आणि ती सशर्त असतात: अखेरची सरासरी अमुक टक्क्यांखाली गेली तर प्रवेश रद्द. होकार कळवायची मुदत साधारण जूनच्या सुरुवातीला असते, आणि अखेरच्या परीक्षा जूनच्या शेवटापर्यंत चालतात. नेमक्या याच दिवसांत नागपुरात लग्नं असतात आणि आजी रोज विचारते, कधी येता? तिकीट शेवटच्या परीक्षेनंतरचंच काढा.